मोजून झाल्यावर आमची नावे कुठे गेली?

प्रति,
माननीय महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : जनगणनेची व्यक्तिवार पत्रके जपून ठेवणे आणि शंभर वर्षांनी वंशजांना खुली करणे

महोदय,

1881 ते 1941 या साठ वर्षांत इंग्रज सरकारने सात वेळा या देशाची शिरगणती केली. 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री पंचवीस कोटींवर माणसे मोजली, 26 फेब्रुवारी 1931 ला पस्तीस कोटींवर. दर वेळी प्रगणक दारात आला, घराला क्रमांक घातला आणि आतल्या माणसांची नोंद करून गेला. नाव, धर्म, लग्न, वय, जात, धंदा, जन्मजिल्हा, मातृभाषा, लिहिता-वाचता येते का. 1901 च्या पत्रकात असे सोळा रकाने होते. पत्रकांवरून चिठ्ठ्या केल्या, चिठ्ठ्यांवरून तक्ते केले, तक्त्यांचे जाडजूड खंड छापले. खंड छापून झाले आणि नावांची पत्रके नष्ट झाली.

आकड्यांना धक्का लागलेला नाही. 1921 च्या खंडात मुंबई शहराची लोकसंख्या एका माणसाचाही फरक न ठेवता दिली आहे : 11,75,914. त्यांतला सुमारे पाचवा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचा. माझे पणजोबा त्या पाचव्या हिश्श्यात आहेत. परळला कापडगिरणीच्या साचेखात्यात काम, चाळीच्या एका खोलीत गावची दहाबारा माणसे, पोटापाण्याला खानावळ. मला त्यांच्या गिरणीचे नाव ठाऊक नाही, चाळ ठाऊक नाही, मुंबईला आले तेव्हा त्यांचे वय काय होते तेही ठाऊक नाही. 18 मार्च 1921 च्या गणतीत हे बरेचसे कागदावर आले असणार. सरकारने ते विचारले, लिहून घेतले, वापरले आणि टाकून दिले.

आता त्याच वर्षीचे इंग्लंड पाहा. तिथली गणती 19 जून 1921 ला झाली, आपल्यानंतर तीन महिन्यांनी. लँकशरच्या एखाद्या विणकराच्या घरातले पत्रक आज त्याच्या पणतूला घरबसल्या दिसते. विणकर कोणाकडे कामाला होता आणि कामाची जागा कुठे होती, हेही त्यात आहे, कारण त्या वर्षीच्या पत्रकात ते विचारले होते. शंभर वर्षे कुलूपबंद ठेवून जानेवारी 2022 मध्ये ती पत्रके खुली झाली. आयर्लंडवरही तेव्हा इंग्रजांचेच राज्य होते. तिथली 1901 आणि 1911 ची पत्रके त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सगळ्यांना फुकट पाहता येतील अशी ठेवली आहेत. लँकशर आणि परळ, दोन्हीकडे माणूस कापडच विणत होता आणि राजा एकच होता. एकाचे नाव राहिले, दुसऱ्याचे गेले.

एवढा कागद सांभाळणार कसा, हे उत्तर मला पटत नाही. याच राजवटीने मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिया मजूर नेले. त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. त्यांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आजही आहेत : नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, पुढच्या काळातल्या कित्येकांचे तर छायाचित्रसुद्धा. तिथले मराठी कुटुंब त्या वहीवरून कोकणातले आपले गाव शोधत येते. मजूर पळू नये म्हणून त्याची खूणगाठ ठेवणे सरकारला गरजेचे वाटले. जो नुसताच मोजायचा होता, त्याची गरज तक्त्यापुरती होती.

इंग्रज गेले, त्यांचा हिशेब मी तुमच्याकडे मागत नाही. मी विचारतो आहे ते 1948 च्या जनगणना कायद्याबद्दल. कलम 15 म्हणते की जनगणनेची नोंद कोणालाही पाहता येणार नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालणार नाही. माणसाने निर्भयपणे खरे सांगावे म्हणून हे कलम आहे आणि तो हेतू मला मान्य आहे. पण त्याला वर्षांची मर्यादाच नाही. इंग्लंडमध्ये शंभर वर्षे, अमेरिकेत बहात्तर. आपल्याकडे कायमचे.

आणि हेच राज्य आमच्याकडे काय मागते? महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयाला जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याने हा कागद कुठून आणायचा? सरकारी माणसाने त्या आज्याची जात सरकारी पत्रकावर दर दहा वर्षांनी लिहून घेतली होती. ते पत्रक सरकारनेच ठेवले नाही, आणि पुरावा मात्र नातवाने द्यायचा. याला मी अन्याय म्हणतो.

माझ्या भाचीच्या जातपडताळणीसाठी आम्ही कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीच्या, मागे लागलो. एका तहसील कार्यालयात मोडीतल्या वहीची पाने हात लावताच तुटत होती, आणि अर्जावर शेरा मिळाला : अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही. पुढच्या अर्जांना उत्तरच आले नाही. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा अशाच वह्यांतून, शाळांच्या दाखल्यांतून, पाहणीपत्रकांतून पन्नास लाखांवर नोंदी निघाल्या. मराठवाड्यासाठी सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घ्यावा लागला. त्या गॅझेटात जातवार आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. आरक्षणासाठी लाखो लोक रस्त्यावर उतरले ते ज्या कागदासाठी, तो एकेकाळी घराघराचा तयार झाला होता.

बायकांचे तर विचारूच नका. घरच्यांची हरकत असेल तर नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ लिहावे, अशी सूचनाच प्रगणकांना होती. कोतवाल बुकात ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढीच ओळ. त्या काळी सातबाऱ्यावर तिचे नाव क्वचित. माझी पणजी गावी राहिली, शेत तिने कसले, मुंबईहून मनिऑर्डर येईल न येईल अशा बेताने पोरे वाढवली. तिचे माहेरचे नाव आमच्या घरात आज कोणालाही सांगता येत नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कित्येक घराण्यांच्या पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या सापडतात. एका उपाध्यायाच्या घराने जे सांभाळले, ते सरकारला जमू नये?

जमते, महोदय. 1951 च्या गणतीवरूनच नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली होती. आसामात 2015 नंतर ती नोंदवही अद्ययावत करताना माणसांना आजोबा-पणजोबांचे नाव मुख्यतः त्याच जुन्या नोंदवहीत, नाहीतर 24 मार्च 1971 पर्यंतच्या मतदार याद्यांत दाखवावे लागले. 31 ऑगस्ट 2019 च्या अंतिम यादीतून 19,06,657 जण वगळले गेले. माणसाला बाहेर काढायचे असते तेव्हा जुने नाव मोलाचे ठरते. मग त्याला स्वतःचे मूळ शोधायचे असेल तेव्हा ते मोल कुठे जाते?

1 मार्च 2027 या संदर्भदिनाची गणती तुमच्या हातात आहे. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत प्रथमच सगळ्यांची जात विचारली जाणार, पहिल्यांदाच सारे डिजिटल होणार, मंत्रिमंडळाने 11,718 कोटी रुपये मंजूर केले आहेत. कागद कुजतो, जागा पुरत नाही, या सबबी आता उरल्या नाहीत. ऑस्ट्रेलियाने 2001 पासून प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली : तुमची माहिती नव्व्याण्णव वर्षांनी खुली करू का? ज्यांनी होकार दिला, त्यांची तेवढीच माहिती जपली जाते. जातीच्या नोंदीची भीती ज्याला वाटते त्याने नकार द्यावा, तो त्याचा हक्क आहे. पण विचारा तरी.

माझ्या मागण्या तीन. व्यक्तिवार माहिती आकडे काढून झाल्यावर पुसू नये, ती राष्ट्रीय अभिलेखागारात सीलबंद ठेवावी. कलम 15 मध्ये शंभर वर्षांची मर्यादा घालणारी दुरुस्ती सरकारपुढे मांडावी. आणि 1951 पासूनची व्यक्तिवार पत्रके व नोंदवह्या कोणत्या जिल्ह्यात शिल्लक आहेत आणि कोणत्या आदेशाने नष्ट झाल्या, याची जिल्हावार यादी जाहीर करावी. उत्तर लेखी द्यावे, आणि प्रगणक आमच्या दारात येण्याआधी द्यावे.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक नागरिक