गळ घालणे

‘गळ टाकणे’ आणि ‘गळ घालणे’ यांत अंतर एका क्रियापदाचे. पहिले माशासाठी, दुसरे माणसासाठी. आपल्या छंदात जोडीदाराला ओढू पाहणारा मनुष्य मात्र दोन्ही एकाच वेळी करीत असतो, आणि बहुधा त्याला ते कळतही नाही. मलाही कळले नव्हते.

फ्लाय फिशिंगमध्ये आकड्यावर पिसे आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधतात. तिला वजन असे जवळजवळ नसतेच. वजन असते ते दोरीला, आणि फेकायची असते ती दोरीच. त्यासाठी काठी मागे नेल्यावर दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबावे लागते. नवशिक्याला हे थांबणे जमत नाही म्हणतात. शिकवणाऱ्याला तर ते मुळीच जमत नाही, असा माझा अनुभव आहे.

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर, रीतसर परवानगी काढून, मी पत्नीला शिकवायला घेतले. दर फेकीला तिचे मनगट धरले. चिलापी लागली की काठी माझ्या हातात (मासा सुटू नये म्हणून, हे समर्थन तयार असे). तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, “अहो, मासे तुम्हीच धरा, मी पेपर तपासते.” उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तिने सोबत आणलाच होता.

दोष माझा, पण त्याला परंपरा आहे. आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ (१६५३) हा संवाद म्हणवतो. प्रत्यक्षात गळकरी बोलतो आणि शिष्य कृतज्ञतेने ऐकतो. चार्ल्स कॉटनने १६७६ मध्ये त्याला फ्लाय फिशिंगचा भाग जोडला, तोही गुरुशिष्यांचाच. नॉर्मन मॅक्लीनच्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’मध्ये (१९७६) बाप मुलांना चार ठोक्यांच्या लयीत फेक शिकवतो, घरातील स्त्रिया त्या वर्तुळाबाहेर.

नाशिककराला मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७३ मध्ये विवाह होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या रमाबाईंना अक्षरओळखीपासून शिकवले. नाशिकच्या मुक्कामात रमाबाई पहिल्यांदा जाहीर सभेत बोलल्या तेव्हा भाषण रानड्यांनीच लिहून दिले होते, असे सांगतात. आपण हा प्रसंग आदर्श पतीचा म्हणून वर्गात शिकवतो. मला त्याहून मोलाची वाटते ती १९१० ची घटना: ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. रानडे १९०१ मध्ये गेले होते. या वेळी मजकूर लिहून देणारे कोणी नव्हते. आठवणींचा विषय पतीच आहे, हे खरे. पण काय सांगायचे, कोठे थांबायचे, हे ठरवणारी लेखणी बाईंची आहे.

तुलना ताणलेली आहे, हे मान्य. घरातल्या बायकांचा विरोध सोसून शिकणे आणि रविवारी धरणावर काठी हलवणे यांना एका पारड्यात कोण घालील? परंतु फरक पडतो तो माझ्याविरुद्धच. रानड्यांना शिकवण्याची तातडी होती. त्या काळी दुसरे शिकवणार कोण? मला असली सबब नाही. छंदाच्या शाळेत शिष्याला कंटाळण्याचा, वाईट खेळण्याचा आणि शाळा सोडण्याचा पूर्ण अधिकार असला पाहिजे. तो नसेल तर ज्याला आपण सहजीवन म्हणतो ती निव्वळ हजेरी होय.

असो. त्या हिवाळ्यात एका सकाळी तिने आपणहून काठी काढली. अट एकच घातली: “तुम्ही त्या खडकापलीकडे बसा.” तेव्हापासून मी खडकापलीकडे बसून तिच्या पेपरांतील गुणांच्या बेरजा तपासतो. गेल्या खेपेस तिची दोरी मागच्या बाभळीत अडकली. सोडवायला तिला बराच वेळ लागला. मी उठलो नाही.