लाल पेन आणि फास्टर फेणे



गेल्या हिवाळ्यात आमच्या धाकटीने (इयत्ता सातवी) आपल्या या अंकासाठी एक गोष्ट लिहिली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे इथे अमेरिकेत येतो आणि बर्फात सायकल हाणतो, अशी. दीड पान, सगळे मराठीत. मी ऑफिसात दिवसभर इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणारा माणूस. लाल पेन घेऊन बसलो. 'बर्फ पडली' नव्हे, 'बर्फ पडला'. मग ऱ्हस्व-दीर्घ. शेवटी शेरा मारला, "फुरसुंगीच्या मुलाला व्हिसा कोणी दिला?" मला तो विनोद वाटला होता! गोष्ट अंकात आली नाही. ती अजूनही गोष्टी लिहिते, पण इंग्रजीत, आणि मला दाखवत नाही.

दुसऱ्या लेखकाची पात्रे घेऊन स्वतःची गोष्ट रचण्याला 'फॅन फिक्शन' म्हणतात. हे इंटरनेटचे खूळ असावे अशी माझी समजूत होती. पण 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ सालीच 'स्पॉकॅनेलिया' नावाचे हौशी नियतकालिक काढले होते. अशा नियतकालिकांत लिहिणाऱ्याला मानधन नसे. मिळालेच तर वाचकाचे पत्र मिळे. त्यामुळे त्या पत्रात काय लिहावे, हा तिथे पहिल्यापासूनच जिव्हाळ्याचा प्रश्न.

१९७३ मध्ये पॉला स्मिथ या चाहतीने एक छोटे विडंबन लिहिले. नायिका लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, आणि तिला येत नाही असे काही नाहीच. नवख्यांच्या गोष्टींतल्या ठरावीक नायिकेची ती चेष्टा होती आणि झकास होती. पण नाव चिकटले. पुढे कोणाच्याही गोष्टीत जरा हुशार मुलगी दिसली की वाचक 'मेरी सू' म्हणून मोकळे होऊ लागले. काही लेखिकांनी तर या धास्तीने गोष्टीत नवे स्त्रीपात्र घालणेच सोडले, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. हे वाचले आणि मला माझा व्हिसाचा शेरा आठवला.

या मंडळींनी त्यावर काढलेला एक उपाय मात्र आमच्याच धंद्यातला आहे. सॉफ्टवेअर बाजारात जाण्यापूर्वी थोड्या लोकांना वापरायला देतात, त्याला बीटा टेस्टिंग म्हणतात. तसा इथे 'बीटा रीडर' असतो. लेखकच त्याला बोलावतो, गोष्ट प्रसिद्ध होण्याआधी. व्याकरण, कथानक, हे पात्र असे बोलेल का, सगळे तो सांगतो, आणि ऐकायचे की नाही ते लेखक ठरवतो. एकदा गोष्ट प्रसिद्ध झाली की न मागता चुका काढू नयेत, असा तिथे पुष्कळांचा संकेत आहे. सूचना हव्या असतील तर लेखक तसे लिहून ठेवतो.

उलट मताचेही लोक आहेत. चारचौघांत आणलेत ना, मग ऐकून घ्या! पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकाबाबत मला हे मान्य आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या दीड पानाबाबत नाही.

म्हणून नुसते "वा, छान" म्हणावे असेही नाही. न वाचता म्हटलेले छान मुलांना लगेच कळते. त्या गोष्टीत बन्याची सायकल घसरते आणि तो शेजाऱ्याने फावड्याने रचलेल्या ढिगाऱ्यात उभाच रुततो, तिथे मी खरोखर हसलो होतो. त्या जागी कागदावर मी काहीच लिहिले नव्हते.

मग शुद्ध मराठी केव्हा शिकणार, असे कोणी विचारील. वर्गात शिकतातच की, दर रविवारी, आणि तिथे बाई लाल पेन चालवतात त्याबद्दल मुलांची तक्रार नसते.

संपादकांना एक विनंती. पुढील अंकापासून प्रत्येक मुलाला विचारून गोष्टीखाली एक ओळ छापावी : 'सूचना हव्यात' किंवा 'सूचना नकोत'. आमच्या घरून काही आलेच, तर बहुधा 'नकोत' येईल.

– एक पालक