समजल्याचा भास

रसायनशास्त्रात नापास होणारा विद्यार्थी आळशीच असतो, हा समज आता सोडायला हवा. अनेकजण तासन्‌तास वाचतात, ओळी अधोरेखित करतात, सोडवलेली उदाहरणे पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून घालतात. त्यातून मजकूर ओळखीचा होतो आणि तो समजला असेच त्यांना वाटते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने तपासले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवले आणि मजकूर न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

अमेरिकेतील लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत साँड्रा मॅकग्वायर यांनी हा विचार रसायनशास्त्राच्या वर्गात आणला. पहिल्या परीक्षेनंतर ५० मिनिटांचे एकच व्याख्यान: उत्तर झाकून उदाहरण सोडवा, दुसऱ्याला समजावून सांगा, कुठे अडलो ते स्वतः शोधा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हजर राहिलेल्यांचा अंतिम निकाल गैरहजरांपेक्षा सरासरी एका पूर्ण श्रेणीने सरस होता. हजर राहणारे मुळातच मेहनती असतील, हा आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्णपणे खोडता येत नाही. पण पहिल्या परीक्षेत दोन्ही गट जवळपास सारखेच होते, हेही विसरू नये. अभ्यासक्रम संपत नाही, यासाठी वेळ कुठून काढायचा, असे प्राध्यापक विचारतील. अख्ख्या सत्रातला एक तास खरोखर जड आहे का? गणिताचा कच्चा पाया एका व्याख्यानाने पक्का होत नाही, हे खरेच. पण मोलच्या गुणोत्तरात आपण नेमके कुठे चुकतो हे ज्याला सांगता येते, त्याला शिक्षकही नेमकी मदत करू शकतात.