‘फादर’ म्हटले की घरातला बाप का दिसत नाही?

१/ मराठीत ‘फादर’ हा शब्द उच्चारला की झगा घातलेले धर्मगुरू डोळ्यांसमोर येतात. लेकरांचा बाप येत नाही. महाराष्ट्रातील कॅथलिक समाजाचा इतिहासही याच नजरेने लिहिला गेला. मिशनरी, चर्च आणि शाळा यांची नोंद झाली. ज्या घरात श्रद्धा पुढच्या पिढीच्या हाती जाते, ते घर नोंदीबाहेर राहिले.

२/ त्यातून एक सोयीची समजूत रुजली: चर्च फादरांचे, घरातली प्रार्थना आईची, बापाने कमवून आणावे. हिला परंपरा म्हणतात. इतिहास मात्र या समजुतीला साक्ष देत नाही.

३/ १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपीय मिशनरी गेले. मागे राहिले ते मोजके देशी पाद्री आणि गावोगावची कुटुंबे. वसईची गावे तरीही कॅथलिकच राहिली. केवळ पाद्र्यांच्या बळावर हे घडले असे म्हणणे म्हणजे त्या कुटुंबांवर अन्याय आहे.

४/ फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही. त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखित नकलांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. छापील प्रती नष्ट झाल्या, जपणारी माणसे उरली.

५/ आता मराठवाडा. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला. नांदेड-लातूरकडे कॅथलिक घरे थोडी आणि विखुरलेली. रोज संध्याकाळी प्रत्येक उंबरठ्यावर फादर पोहोचणे शक्यच नाही. तेथे रोझरीला बसायचे की नाही, हे घरच ठरवते. बाप त्या वेळी बाहेर ओट्यावर बसला असेल, तर लेकरू तेही शिकतेच.

६/ खुद्द चर्चची शिकवण काय सांगते? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला ‘घरातील चर्च’ म्हटले आणि श्रद्धेचे पहिले उद्घोषक म्हणून आईवडील या दोघांचे नाव घेतले. १९६९ च्या बाप्तिस्माविधीत आईबरोबर बापालाही स्वतंत्र आशीर्वाद आहे. बापाला सुट्टी कोणीच दिलेली नाही. ती त्याने स्वतःच घेतली.

७/ आक्षेप येईल: ही पितृसत्तेची नवी वकिली नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. गोव्यात १५५९ च्या फर्मानाने अनाथ हिंदू मुले चर्चच्या ताब्यात देण्याची व्यवस्था झाली. पुढे आई जिवंत असतानाही, केवळ बाप वारला म्हणून, मूल ‘अनाथ’ ठरू लागले. मुलाचा धर्म ही बापाची मालमत्ता मानली की आईचे अस्तित्वच पुसले जाते.

८/ म्हणूनच भेद नीट करायला हवा. बापाचा हक्क ही एक गोष्ट, बापाचे कर्तव्य ही दुसरी. पहिल्याने आईला बाजूला सारले. दुसरे टाळल्याने सारा भार तिच्या एकटीवर पडला. दोन्ही वेळा झीज तिचीच झाली.

९/ मौनाचा दाखला म्हणून संत योसेफांकडे बोट दाखवले जाते. शुभवर्तमानांत त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही, हे खरे. पण लूक सांगतो की येशूचे आईवडील दरवर्षी वल्हांडणासाठी यरुशलेमला जात. योसेफ गप्प आहेत, गैरहजर नाहीत. १८७० साली त्यांना संपूर्ण चर्चचे आश्रयदाते घोषित केले गेले ते उगाच नव्हे.

१०/ एखाद्या गावचा ख्रिस्ती इतिहास लिहिताना चर्चची कोनशिला अवश्य वाचावी. त्यानंतर जुन्या घरांत जाऊन विचारावे: संध्याकाळची प्रार्थना कोण सुरू करी, आणि तेव्हा बाप कोठे असे? या उत्तरांवाचून लिहिलेला इतिहास इमारतींचा असेल, समाजाचा नसेल.