मातीची थकबाकी

पावसाळ्याच्या तोंडावर शहरांतल्या रोपवाटिकांपुढे गांडूळखताच्या आणि शेणखताच्या पिशव्यांची चळत लागते, आणि ज्या घरांतून भाजीची देठे, फळांच्या साली व झाडांचा पालापाचोळा रोज कचऱ्याच्या गाडीत चढतो, त्याच घरांत या पिशव्या पैसे मोजून नेल्या जातात. ही विसंगती आजची वाटली तरी तिची मुळे किमान दोन शतके मागे जातात. कुजवण्याची विद्या आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे. मातीतून जे घेतले ते मातीला परत करण्याच्या ज्या कर्तव्यावर ती उभी होती, त्याचा विसर मात्र समाजाला पुन्हापुन्हा पडत आला आहे, आणि दर वेळी एखाद्या सोयीस्कर पर्यायाने तो विसर सुखावह करून टाकला आहे.

‘कृषिपराशर’ या प्राचीन ग्रंथात माघ महिन्यात उकिरड्याची पूजा करून खत उकरावे, ते उन्हात वाळवून त्याचे चूर्ण करावे, फाल्गुनात शेतातल्या खड्ड्यांत भरावे आणि पेरणीच्या वेळी पसरावे, असा क्रम सांगितला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, तीळ, सातूचे पीठ आणि मांस पाण्यात सात रात्री भिजवून ते झाडांना घालण्याची कृती नोंदवली, तर पुढे सुरपालाने अशाच आंबवलेल्या द्रवाचे, म्हणजे कुणपजलाचे, सविस्तर विवेचन केले. या कृती आजच्या कसोटीवर कितपत उतरतात हा प्रश्न वेगळा. त्यांच्यामागे पंचांगाइतकी पक्की धारणा होती की खत ही ऋतुचक्रात नेमून दिलेली कामगिरी आहे आणि कुजण्याला लागणारा वेळ कोणालाही चुकत नाही.

दख्खनमध्ये हे चक्र माणसे आणि जनावरे मिळून फिरवत. दिवाळीनंतर धनगरांचे कळप घाट उतरून कोकणात जात, कापणी झालेल्या खाचरांत रात्री मेंढरे बसवली जात आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य मोजून देई. खताला दाम आहे आणि ते आणणाऱ्याला मान आहे, हे त्या व्यवहारात गृहीत होते. परंतु या आठवणीचा गौरव करताना तिची काळी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. माणसाच्या मैल्यापासूनचे सोनखत ज्यांच्या डोक्यावरून वाहिले गेले त्यांच्या वाट्याला जातीने नेमलेली सक्ती आणि अस्पृश्यता आली, आणि म्हणूनच विसाव्या शतकात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळच्या गोपुरीत सोनखताचे प्रयोग केले तेव्हा सफाईचे काम जातीच्या बेडीतून सोडवणे हाही त्यांचा तितकाच हेतू होता. जुने चक्र जसेच्या तसे परत आणा म्हणणाऱ्यांनी ते कोणाच्या पाठीवर फिरत होते हे आधी पाहावे.

युरोपात १८४० साली युस्टस फॉन लीबिग यांनी वनस्पतींच्या पोषणाचे रसायन मांडले आणि पीक जमिनीतून कोणती खनिजे नेते याचा हिशेब शक्य झाला. त्याच सुमारास पेरूच्या बेटांवर साचलेली समुद्रपक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, जहाजे भरभरून इंग्लंडला जाऊ लागली आणि काही दशकांत ते थर खरवडून संपत आले. शहरांची घाण नद्यांत सोडायची आणि शेतासाठी दुसऱ्या खंडाची माती खणायची, या उधळपट्टीवर पुढे खुद्द लीबिगनीच कठोर टीका केली. आपल्या शास्त्राचा अर्धाच भाग जगाने उचलला, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून चाललेले प्रयोग रासायनिक की सेंद्रिय खत या वादाचा सर्वांत दीर्घ पुरावा आहेत, आणि तो कोणत्याही एका पक्षाला पुरता सोयीचा नाही. तेथील गव्हाच्या शेतात पुरेसे रासायनिक खत मिळालेल्या वाफ्यांचे उत्पन्न दीर्घकाळ शेणखताच्या वाफ्यांच्या तोडीचे राहिले. मात्र शेणखताच्या वाफ्यांतला सेंद्रिय कर्ब इतरांच्या दुपटीहून अधिक झाला. सातूच्या एका वाफ्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत देऊन नंतर ते कायमचे थांबवले, तरी त्याचा अवशिष्ट परिणाम शतकानंतरही मोजता आला. रसायन चालू हंगामाचे पीक पोसते आणि सेंद्रिय खत पुढच्या पिढ्यांची जमीन घडवते, हा भेद दीडशे वर्षांपूर्वीच्या वाफ्यांनी दाखवून दिला असूनही धोरणकर्त्यांनी बहुधा हंगामापुरतेच पाहिले.

मातीत राबणाऱ्या जिवांकडे विज्ञानाचे लक्ष वळवले ते चार्ल्स डार्विन यांनी. १८३७ साली त्यांनी लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढे पहिला निबंध वाचला आणि १८८१ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस, गांडुळांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्यांचा अंदाज होता. दोनच वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मातीच्या कसाच्या प्रश्नाची राजकीय बाजू उघड केली. डोंगरांवरचा कुजलेला पाला आणि मेलेल्या कीटकांचे व जनावरांचे सत्त्व पावसाबरोबर वाहून शेतांना मिळे, ते बांध घालून अडवावे, अशी त्यांची सूचना होती. जंगलखात्याने गायराने बंद केल्याने गुरे घटली, ही त्यांची तक्रार होती. भारतीय शेतीवरील १८९३ च्या अहवालात रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही सरपणाअभावी शेण चुलीत जाते हे नोंदवून जळणासाठी राखीव झाडी लावण्याचा आग्रह धरला. शेण जाळणे हा शेतकऱ्याचा अडाणीपणा नसून त्याच्यावर लादलेली टंचाई आहे, हे फुले आणि व्होल्कर यांना दोन टोकांवरून दिसले होते.

होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह या विखुरलेल्या ज्ञानाला पद्धतीचे रूप दिले. कपाशीच्या काटक्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या, मग त्यांचे आणि तणाचे थर उथळ खड्ड्यांत शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांच्यासह रचायचे, ठराविक अंतराने तीनदा उलथायचे आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार करायचे, अशी ती इंदूर पद्धत. पूर्वेकडील शेतकऱ्यांच्या परंपरेचे ऋण हॉवर्ड यांनी मान्य केले होते. परंतु १९१३ मध्येच जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला होता, आणि पुढे हरितक्रांतीच्या काळात त्याच नायट्रोजनाने देशाची धान्याची गरज भागवली. त्या पिढीची भूक विसरून युरियाला सरसकट दोष देणे हाही इतिहासाचा अपमान होईल. चूक झाली ती पूरकाला पर्याय मानण्यात, आणि २०१० च्या पोषणआधारित अनुदानातून युरिया वगळून तो इतर खतांहून स्वस्तच ठेवण्यात.

महाराष्ट्राने मधल्या काळात दोन उत्तरे शोधली. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच आणि भिंतींना हवेची छिद्रे असलेले विटांचे टाके रूढ केले. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवणारी ही पद्धत नाडेप नावाने देशभर गेली. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने घरच्या पाल्यापाचोळ्यातून माती घडवण्याचे शास्त्र सामान्यांच्या हाती दिले आणि त्यातून शहरांतल्या गच्च्यांवर भाजीपाला पिकू लागला.

आजचा बागप्रेमी याच परंपरेचा वारस आहे, परंतु त्याला वारशातला धीर नको असतो. कोरड्या पाल्याचा पुरेसा थर न देता ओला कचरा कोंबला की तो सडतो. कच्चे खत कुंडीत घातले की कुजवणारे जिवाणू रोपाच्या वाट्याचा नायट्रोजन ओढून घेतात. ताजी कोंबडीची विष्ठा मुळे जाळते. खताच्या खोक्यात वाढणारी आयसेनिया प्रजातीची गांडुळे पृष्ठभागावरच्या कुजक्या थरात जगणारी, म्हणून ती तापलेल्या कोरड्या मातीत सोडणे व्यर्थ. आच्छादन आणि ओल टिकवली तर जमिनीतली खोल बिळे करणारी देशी गांडुळे आपणहून येतात. शिवाय आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ फार लवकर ओसरतो, त्यामुळे इंग्लंडच्या वाफ्यात शतकभर टिकलेली पुण्याई येथे दरवर्षी नव्याने जोडावी लागते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले, आणि शहरी कचऱ्यात सेंद्रिय भाग निम्म्याच्या आसपास असतो. तरीही कचराडेपोंचे डोंगर वाढतात आणि अनेक शिवारांतला सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली घसरतो. ग्वानोच्या काळातला व्यवहार तो हाच, फक्त समुद्रापलीकडचे बेट आता शहराच्या वेशीवर आले आहे. जोवर युरियाच्या पोत्याला अनुदान आणि कुजवलेल्या कचऱ्याच्या वाहतुकीला मात्र हिशेबात जागा नाही, आणि जोवर सफाई कामगाराच्या हाती हातमोजे व रास्त वेतन देण्याऐवजी त्याच्या नाइलाजावर हे चक्र चालते, तोवर प्रत्येक पिढी नव्या नावाची एक पद्धत शोधील आणि जुन्याच टंचाईत सापडेल. पद्धतींची वाण आपल्याला कधीच नव्हती. शहर शेताचे देणे लागते हे कायद्यात, अर्थसंकल्पात आणि स्वयंपाकघरात एकाच वेळी मान्य करणे, एवढेच दोनशे वर्षे बाकी राहिले आहे.