दवाखान्याचं कुलूप



पावसाळा लागला. ओढ्याला गढूळ पाणी आलं आणि पाड्यापाड्यात हगवण-ओकारी सुरू झाली. आजारी माणसाला झोळीत घालून, नदी ओलांडून आम्ही उपकेंद्रावर नेतो, तर दाराला कुलूप. वर आम्हालाच विचारतात, भगताकडे का गेलात?

सरकारचाच नियम आहे : आदिवासी भागात ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पण नुसती इमारत म्हणजे दवाखाना नव्हे. त्यात माणूस पाहिजे, औषध पाहिजे.

आणि एवढ्यानंही भागत नाही. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं दगावली, ती भुकेनं खंगलेली होती. भुकेवर गोळी नाही. फॉरेस्टवाले प्लॉट सोडायला लावतात, नागली घरात येत नाही, दिवाळीनंतर वीटभट्टी गाठावी लागते. तिथं पोरांना ना अंगणवाडी, ना लस.

म्हणून दवाखाना आणि जमीन ही एकच लढाई आहे. प्रत्येक पाड्यानं एक वही घालावी. कुलूप कोणत्या दिवशी होतं, कोणतं औषध नव्हतं, ते तारखेसह लिहावं. येत्या मोर्चात प्लॉटच्या अर्जांबरोबर या वह्याही तहसीलदारांच्या टेबलावर ठेवू.