वजनाचे संयुक्त खाते

फौजी माणसाचे वजन ही त्याची खासगी बाब नसते. ते वैद्यकीय तपासणीत नोंदले जाते. उंचीच्या मानाने फार वाढले तर श्रेणी घसरते आणि बढती अडू शकते. त्याच घरातल्या बायको-मुलांच्या वजनाची मात्र कुणी चौकशी करीत नाही. माझ्या मते नेमके तिथेच चुकते.

बँकेच्या नोकरीतली काही वर्षे मी सातारा जिल्ह्यात काढली. ज्या जिल्ह्यात एका गावाचे नावच 'अपशिंगे मिलिटरी' आहे, तिथल्या शाखेत माजी सैनिकांची गर्दी असणारच. जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. पहाटेची पीटी त्या दिवशी सुटते, भूक सुटत नाही. पहिली पेन्शन न्यायला ताठ कण्याने आलेले हवालदार चार-पाच वर्षांत कठडा धरून जिना चढताना मी पाहिले आहेत. सोबतच्या बायकोची कथा वेगळी. नवरा सीमेवर असताना सासू-सासरे, मुले, शेत सांभाळायचे, सगळ्यांच्या मागून जेवायचे आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेसुरले आपणच संपवायचे. नवरा रजेवर आला की घरात रोज सण. गुडघेदुखीची आणि साखरेची पायाभरणी अशी स्वयंपाकघरातच होते.

राहत्या जागेचा वजनाशी संबंध असतो, हे तर सैनिकांच्या कुटुंबांवरूनच दिसून आले आहे. बदलीचे ठिकाण सैनिक स्वतः निवडत नाही. याचाच उपयोग करून आश्लेषा दातार आणि नॅन्सी निकोसिया यांनी अमेरिकेतील ३८ लष्करी तळांवरील सुमारे १५०० कुटुंबांचा अभ्यास केला. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. स्थूल माणसे जास्त असलेल्या भागात ज्यांची बदली झाली, त्यांच्या घरी आई-वडिलांत आणि मुलांतही स्थूलता अधिक आढळली. मग सारा दोष एकट्याच्या जिभेला कसा द्यायचा?

२०२५ साली वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आपल्या बाजारात आली. ओळखीच्या फौजी घरांतूनही आता त्यांची विचारणा ऐकू येते. काहींना ती लागतीलही. ते डॉक्टरांनी ठरवावे. पण ती थांबवली की वजन बरेचदा परतते, आणि परतते ते त्याच स्वयंपाकघराच्या वाटेने.

म्हणून उपक्रम हवा तो कुटुंबाचा. निवृत्तीपूर्वी जवानाला नव्या नोकरी-धंद्याचे प्रशिक्षण मिळते. त्यातले एक-दोन दिवस पती-पत्नींनी जोडीने आहार समजून घेण्यासाठी ठेवावेत. माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे आणि तिच्यात पत्नीही येते. तिथे दोघांचीही कंबर मोजावी. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली सांगितलेली मर्यादा पुरुषाला ९० सेंटीमीटर, बाईला ८०. याला शिंप्याची टेप पुरते.

पेन्शनचे खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ठेवा, असे आम्ही बँकेत सांगत असू. एकाच्या मागे दुसऱ्याचे अडू नये म्हणून. वजनाचे खातेही तसेच उघडायला हवे.